अश्वत्थामा तीन हजार वर्षांचा की सहा हजार? विज्ञानकथेतल्या विसंगती आणि चाहत्यांचे तर्क

‘कल्की 2898 एडी’ हा सिनेमा 27 जून 2024 रोजी आला. त्याचा दुसरा भाग यायचा आहे, आणि सप्टेंबर 2025 मध्ये निर्मात्यांनी जाहीर केलं की दीपिका पदुकोण त्या भागात नसेल. पहिल्या भागाचं कथानक तर तिच्याच पात्राभोवती, म्हणजे कल्कीच्या होणाऱ्या आईभोवती फिरतं, आणि तिची राखण करतो महाभारतातला अश्वत्थामा. त्यामुळे ‘आता कथा जुळवणार कशी’ यावर चाहत्यांची चर्चा पुन्हा तापली. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांतली मुलंही त्यात आहेत. ती बोलतात ते कॅनन, रेटकॉन, प्लॉट होल असे शब्द घरातल्या मोठ्यांच्या डोक्यावरून जातात. सिनेमा आवडला की नाही एवढं सांगायचं सोडून ही मुलं सालांची बेरीज-वजाबाकी का करत बसतात, हे त्यांना उमगत नाही.

हा लेख त्या मोठ्यांसाठी आहे, आणि त्या मुलांसाठीही. माझं म्हणणं आधीच सांगतो. कथेतली विसंगती शोधणं आणि ती मिटवायला तर्क लढवणं हा रिकामपणाचा उद्योग नाही. आपल्याकडे महाभारत आणि पुराणं याच रीतीने ऐकली, वाचली आणि वाढवली गेली. खानदेशातल्या माणसाला तर हे समजून घ्यायला लांब जावं लागत नाही, कारण ज्या अश्वत्थाम्यावरून हा वाद चालला आहे तो आपल्या सातपुड्यात आजही फिरतो, अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे.

## वाद नेमका काय आहे?

कथा महाभारताच्या सौप्तिक पर्वातली. युद्ध संपल्यावर अश्वत्थामा रात्री पांडवांच्या छावणीत शिरतो आणि झोपलेल्यांची कत्तल करतो. पुढे उत्तरेच्या पोटातल्या गर्भावर अस्त्र सोडतो. तेव्हा कृष्ण त्याला शाप देतो: ‘त्रीणि वर्षसहस्राणि चरिष्यसि महीमिमाम्’. तीन हजार वर्षं तू या पृथ्वीवर भटकशील. तुझ्या अंगाला पू आणि रक्ताची दुर्गंधी येईल आणि दुर्गम रानं हाच तुझा आसरा असेल, असंही तो सांगतो.

आता पंचांगाचं गणित बघू. परंपरेनुसार कलियुग इसवी सनपूर्व 3102 मध्ये सुरू झालं. शकाच्या आकड्यात 3179 मिळवले की कलियुगाची किती वर्षं सरली ते कळतं. हा 3179 चा आकडा भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त दिला आहे. त्याच ग्रंथाच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटणला मठ उभारला होता. शके 1128 चा, म्हणजे इसवी सन 1207 चा, तिथला शिलालेख ते सांगतो. या वादातली मोजपट्टी आठशे वर्षांपूर्वी आपल्याच भागात शिकवली जात होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तर इसवी सन 2898 म्हणजे शके 2820. त्यात 3179 मिळवले की 5999 होतात, ढोबळमानाने सहा हजार. दिग्दर्शक नाग अश्विन यांनीही प्रदर्शनाआधी सहा हजार वर्षांचा हाच पट सांगितला होता. सिनेमाच्या नावातलं साल असं आलं आहे.

इथे पहिली विसंगती दिसते. शाप तीन हजार वर्षांचा, आणि अमिताभ बच्चन यांनी उभा केलेला अश्वत्थामा सहा हजार वर्षांनीही जिवंत. मूळ शापाची मुदत धरली तर ती इसवी सनाच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधीच संपली.

दुसरी त्याहून मोठी आहे. पुराणांप्रमाणे कल्की कलियुगाच्या शेवटी येतो, आणि कलियुग 4,32,000 वर्षांचं आहे. सहा हजार म्हणजे त्याचा दीड टक्कासुद्धा नाही. मग कल्की एवढ्या लवकर कसा?

तिसरी अगदी बारीक आहे. मौसल पर्वाप्रमाणे युद्धानंतर छत्तिसाव्या वर्षी यादवांचा नाश झाला आणि कृष्ण गेला. कलियुग त्या घटनेपासून मोजतात, युद्धापासून नाही. म्हणजे युद्धापासून मोजलं तर सहा हजारांवर आणखी पस्तीसेक वर्षं धरायला हवीत. ही मी सोडून देतो, तिने कथेत काही हलत नाही.

## अस्तंब्याच्या डोंगरावर हा प्रश्न आधीच आहे

चौथी विसंगती सिनेमातली नाही, ती आपली आहे.

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात अस्तंब्याचं शिखर आहे. दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास तिथे अस्तंबा ऋषींची यात्रा भरते. महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून आदिवासी भाविक तो अवघड डोंगर चढतात. अस्तंबा म्हणजे अश्वत्थामा. मणी काढून घेतल्यावर कपाळावर राहिलेली जखम भरत नाही, म्हणून तो तेल मागत फिरतो, असं लोक सांगतात. तिकडे पूर्वेला बुऱ्हाणपूरजवळ असीरगड आहे, जुन्या खानदेशाचा बुलंद किल्ला. तिथल्या महादेवाला पहाटे अश्वत्थामा फूल वाहून जातो, असं तिकडची माणसं सांगतात.

शापातले शब्द पुन्हा वाचा: दुर्गम रानं हाच आसरा. सातपुड्याच्या माणसाने ते शब्द आपल्या डोंगराला लावून घेतले. पण शापाची मुदत संपून दोन हजार वर्षं उलटली आहेत, तरी त्याने अश्वत्थाम्याला निरोप दिलेला नाही. एखाद्या आजीला विचारावं, ‘मंग हाऊ इतला वरीस जगना कसा?’ तर ती दुसरं प्रमाण पुढे करील, जे आपण सगळ्यांनी लहानपणी पाठ केलं आहे: ‘अश्वत्थामा बलिर्व्यासो हनुमांश्च बिभीषणः। कृपः परशुरामश्च सप्तैते चिरंजीविनः॥’ सात चिरंजीवांतलं पहिलं नाव त्याचंच.

एका ठिकाणी तीन हजार वर्षांची मुदत, दुसऱ्या ठिकाणी चिरंजीवपद. दोन्ही परंपरेतलीच वचनं, आणि दोन्ही शेजारी शेजारी नांदत आली. सिनेमाने यातलं दुसरं घेतलं आणि त्याला कारण जोडलं: कल्कीच्या आईचं रक्षण केल्याशिवाय तुझी सुटका नाही.

## चार शब्द, सातबाऱ्यावरून समजून घेऊ

शेतजमिनीचा सातबारा ज्याच्या घरात आहे त्याला हे शब्द पटकन कळतील.

सातबाऱ्यावर जे नोंदलेलं आहे ते, उलट काही सिद्ध होईपर्यंत, खरं मानलं जातं. कथेच्या जगात अशा अधिकृत नोंदीला कॅनन म्हणतात. निर्मात्यांनी ‘हे आमच्या कथेत घडलं’ म्हणून मान्य केलेलं सगळं त्यात येतं.

काही वर्षांनी वारस लागतात, खरेदीखत होतं, आणि फेरफार नोंद पडते. जुनं नाव कंसात जातं, नवं नाव चढतं. जुनं खोडून गायब केलेलं नसतं, वाचणाऱ्याला ते दिसतं, पण अर्थ आता नव्या नोंदीप्रमाणे लावायचा. कथेत मागाहून असा बदल करून जुन्या घटनेचा अर्थ फिरवणं म्हणजे रेटकॉन. पुढे मी त्याला फेरफारच म्हणणार आहे.

दोन नोंदी एकमेकींशी जुळत नसतील आणि मधे कोणतीच फेरफार नोंद नसेल, तर ती कथेतली फट, म्हणजे प्लॉट होल.

आणि फॅन थिअरी? फेरफार मंजूर होण्याआधी गावकरी आपापसात जे बोलतात, ‘बांध सरकला तो अमक्या साली सरकला असणार, कारण विहीर तेव्हा खोदली’, तसं ते आहे. त्याला अधिकार नसतो, पण ते बिनबुडाचंही नसतं. जुन्या खुणा बघून काढलेला तो अंदाज असतो. कधी कधी मंडळ अधिकाऱ्याची सही त्याच अंदाजावर होते. कथेच्या जगात हे घडल्याची उदाहरणं पुढे येतील.

## चुका होतातच कशा?

एकाच लेखकाची एकच विज्ञानकथा असेल तर विसंगती क्वचित सापडते. मराठीत विज्ञानकथा बहुतेक अशीच लिहिली गेली. जयंत नारळीकरांची कथा घ्या: दहा-पंधरा पानांत प्रश्न, विज्ञान आणि उकल, संपलं. हा वाद मराठी वाचकाला नवखा वाटतो त्याचं हेही एक कारण असावं.

कथामालेचं तसं नसतं. साठ-साठ वर्षं चाललेल्या मालिका, शेकडो भाग, बदलते लेखक, वेगळे स्टुडिओ. अमेरिकेतली ‘स्टार ट्रेक’ 1966 ला सुरू झाली. तिच्या सुरुवातीच्या एका भागात कप्तान कर्कच्या नावाने थडग्याचा दगड दिसतो, त्यावर मधलं अक्षर ‘आर’ आहे. पुढे सगळीकडे ते ‘टी’ झालं. नाव पक्कं व्हायच्या आधी चित्रीकरण झालं होतं. ही साधी चूक.

पैशांमुळे झालेली विसंगती जास्त रंजक आहे. याच मालिकेत 1967 साली क्लिंगॉन नावाची लढाऊ जमात आली. रंगभूषेला पैसे कमी, म्हणून ते साध्या माणसांसारखेच दिसायचे, चेहरा जरा सावळा केलेला आणि दाढी-मिशा. 1979 च्या सिनेमात पैसा होता, तर त्याच क्लिंगॉनांच्या कपाळावर हाडांचे उंचवटे आले. कथेत कोणीच त्याबद्दल काही बोलत नाही. प्रेक्षकांनी मात्र विचारलं: यांचं कपाळ बदललं कसं?

हा प्रश्न वर्षानुवर्षं चाहत्यांत फिरत राहिला. 1996 साली मालिकेच्या पुढच्या एका शाखेत नव्या काळातली पात्रं जुन्या काळात जातात आणि सपाट कपाळाचे क्लिंगॉन प्रत्यक्ष बघतात. सोबतच्या क्लिंगॉनला विचारतात, तर तो म्हणतो की या गोष्टीची चर्चा आम्ही बाहेरच्यांशी करत नाही. त्या एका वाक्याने विसंगती कथेच्या आत आली. आता ती रंगभूषेची अडचण राहिली नाही, एका जमातीची लपवलेली लाज झाली. शेवटी 2005 मध्ये दोन भागांची गोष्ट आली: क्लिंगॉनांनी माणसाच्या सुधारित जनुकांवर प्रयोग केले, त्यातून साथ पसरली, आणि जीव वाचले तरी कपाळं सपाट झाली. अडतीस वर्षांनी फेरफार मंजूर झाला. मला 1996 चं उत्तर 2005 च्या उत्तरापेक्षा जास्त आवडतं. पहिल्यात एक स्वभाव दिसतो, दुसऱ्यात फक्त कारण.

विज्ञानाची चूकही असते. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’ या अंतराळातल्या सिनेमात हान सोलो हा यानचालक फुशारकी मारतो की आपल्या यानाने केसेलचा पल्ला बारा पार्सेकच्या आत गाठला. वेगाची बढाई आहे, पण पार्सेक हे वेळेचं माप नाही. ते अंतराचं आहे: सुमारे 3.26 प्रकाशवर्षं, म्हणजे जवळजवळ 31 लाख कोटी किलोमीटर. ‘मी जळगावहून भुसावळला पाच किलोमीटरात पोचलो’ म्हणण्यासारखंच ते. चाहत्यांनी उत्तर काढलं: त्या वाटेवर कृष्णविवरं आहेत, इतर यानं लांबून वळसा घेतात, हा मात्र जीव धोक्यात घालून जवळून गेला, म्हणून त्याचं अंतर कमी. 2018 च्या हान सोलोवरच्या सिनेमात जवळपास हाच मार्ग पडद्यावर आला. चुकीचं एकक एका धाडसाची गोष्ट होऊन बसलं.

## विसंगती मिटवायच्या तीन वाटा

चाहत्यांचे तर्क कितीही वेगवेगळे दिसले तरी साधारण तीनच वाटांनी जातात. त्या आपल्या अश्वत्थाम्यावर लावून बघू.

पहिली वाट म्हणजे सांगणाऱ्यावर शंका घ्यायची. जे सांगितलं ते पूर्ण खरं नसेल, किंवा ऐकणाऱ्याला तेवढंच कळलं असेल. इथे असं म्हणता येईल की ‘तीन हजार’ हा आकडा नसून ‘फार मोठा काळ’ असा बोलण्याचा प्रकार आहे. शंभर वर्षं आयुष्य असो म्हणताना आपण तरी कुठे मोजतो? ही वाट सोपी आहे आणि म्हणूनच मला कमी आवडते. एकदा ती धरली की कुठलाही आकडा गैरसोयीचा वाटला की उडवता येतो.

दुसरी वाट म्हणजे मधे घडलेली, न सांगितलेली घटना. शापाची तीन हजार वर्षं भोगून संपली. तेव्हा अश्वत्थामा मोकळा झाला. पण पोटातल्या बाळावर हात उगारल्याचं पाप शापाने फिटलं नव्हतं, म्हणून पुढची तीन हजार वर्षं तो स्वतःहून थांबला. हा तर्क बघा काय करतो. सिनेमातला म्हातारा योद्धा पहिल्या अर्ध्यात कैदी आणि दुसऱ्या अर्ध्यात रखवालदार होतो. ज्याने एका आईच्या गर्भावर अस्त्र सोडलं तो दुसऱ्या आईच्या गर्भाची राखण स्वतः पत्करतो. सिनेमात असं सांगितलेलं नाही, तिथे कृष्णच त्याला हे काम नेमून देतो. पण मूळ आकडा, सिनेमाचं साल आणि पात्राची व्यथा या तिन्हींना सांभाळणारा मला सुचलेला तर्क हाच आहे.

तिसरी वाट म्हणजे जगच वेगळं. सिनेमाचं महाभारत व्यासांचं नाहीच, तो दुसरा कालप्रवाह. मग सगळेच प्रश्न एका फटक्यात संपतात. परदेशी कथामाला ही वाट हल्ली फार वापरतात. एप्रिल 2014 मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या मालकांनी दशकानुदशकं लिहिल्या गेलेल्या कादंबऱ्या आणि कॉमिक्स एका घोषणेत अधिकृत कथेबाहेर काढल्या आणि ‘दंतकथा’ असा शिक्का मारून वेगळ्या ठेवल्या. ज्यांनी त्या पुस्तकांवर लहानपण घालवलं होतं त्यांना ते लागलं. मी त्यांच्या बाजूचा आहे. फेरफार नोंदीत जुनं नाव कंसात का होईना, पानावर राहतं. इथे गटच वेगळा करून टाकला.

## सगळ्यात जुना फेरफार: गुणिले 360

आता दुसऱ्या विसंगतीकडे येऊ, कारण तिच्यात खरा खजिना आहे.

कलियुगाची 4,32,000 वर्षं आली कुठून? महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी युगांची मापं सांगतात. कलियुग हजार वर्षांचं, आधी शंभर वर्षांची संध्या आणि नंतर शंभर वर्षांचा संध्यांश. एकूण 1200 वर्षं. ही देवांची वर्षं आहेत असं त्या ठिकाणी म्हटलेलं नाही. पुराणांनी सांगितलं की ही दिव्य वर्षं समजायची, आणि देवांचा एक दिवस म्हणजे माणसांचं एक वर्ष. म्हणून 1200 ला 360 ने गुणायचं. करून बघा: 4,32,000.

काही अभ्यासकांचं मत असं की हा गुणाकार मागाहून आला. कलियुग 1200 साध्या वर्षांचंच मानलं तर एका टप्प्यावर ते संपायला हवं होतं आणि कृतयुग, म्हणजे सत्ययुग, उजाडायला हवं होतं. जगात तर तसं काही दिसत नव्हतं. मग वचन खोटं म्हणायचं की वचनाचा अर्थ नव्याने लावायचा? परंपरेने अर्थ नव्याने लावला. मूळ आकडा जसाच्या तसा ठेवला, फक्त त्याचं एकक बदललं.

केसेलच्या बारा पार्सेकशी हे ताडून बघा. तिथेही आकडा शाबूत ठेवला आणि तो कशाचा आहे याचा अर्थ फिरवला. माणसाचं डोकं दोन्हीकडे एकाच रीतीने चाललं आहे.

हे कळल्यावर ‘कल्की सहा हजार वर्षांनीच कसा’ या प्रश्नाचा सूर बदलतो. 1200 धरलं तर सिनेमा उशीर करतो, 4,32,000 धरलं तर घाई करतो. त्याचा आकडा परंपरेतल्या कुठल्याच मापात बसत नाही. इथे सिनेमाने नुसती गोल संख्या घेतली आहे असं मला वाटतं, आणि हीच त्याची कच्ची बाजू आहे. दुसऱ्या भागात एखाद्या पात्राने या मापाबद्दल दोन वाक्यं बोलावीत, एवढीच अपेक्षा आहे. उदाहरणार्थ, माणसांनीच गंगा आटवून आणि धरती नापीक करून युगाचा शेवट ओढून आणला, हे एक उत्तर होऊ शकतं. त्या जगाचं जे वर्णन पहिल्या भागात आहे त्यात ते सहज बसेल.

## नटी बदलली तर कथेचं काय?

पहिल्या भागात दीपिकाचं पात्र, सुमती, कल्कीची आई होणार आहे. आता ती भूमिका पुढे कशी नेतील ते निर्मातेच जाणोत. पण कथेपुढचे पर्याय मोजकेच आहेत. दुसरी अभिनेत्री आणायची आणि काहीच बोलायचं नाही. किंवा पात्र पडद्याआड ठेवायचं. किंवा बदललेला चेहराच कथेचा भाग करायचा.

तिसऱ्या पर्यायाचं मला माहीत असलेलं सर्वांत सुंदर उदाहरण ब्रिटनमधलं आहे. ‘डॉक्टर हू’ ही मालिका 23 नोव्हेंबर 1963 ला सुरू झाली. नायकाचं काम करणारे विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळत गेली. मालिका तर बंद करायची नव्हती. नायक परग्रहावरचा होताच, तर 1966 मध्ये लेखकांनी ठरवलं की त्याचं शरीर थकलं की तो नव्या शरीरात उतरतो, आठवणी त्याच, चेहरा आणि स्वभावाची ठेवण नवी. पॅट्रिक ट्राउटन दुसरा डॉक्टर झाले. एका नटाच्या आजारपणातून आलेली अडचण मालिकेचा कणा झाली, आणि तिच्यामुळेच ती आजपर्यंत टिकली.

नंतर 1976 च्या एका कथेत ओझरतं सांगितलं गेलं की असा बदल बाराच वेळा होऊ शकतो. तेव्हा बारा म्हणजे फार लांबची गोष्ट होती. 2013 मध्ये ती मर्यादा खरोखर गाठली गेली, आणि डॉक्टरला नवा साठा मिळाल्याची कथा लिहावी लागली.

आपल्या सिनेमात अवतार, पुनर्जन्म, शाप-वरदान हे सगळं आधीपासूनच आहे. प्रभासने केलेला भैरव हाच कर्ण, असं पहिला भाग शेवटी उघड करतो. ज्या कथेत कर्ण नव्या देहाने येऊ शकतो तिथे चेहऱ्याचा प्रश्न सोडवायला जागा भरपूर आहे. ती वापरतात की नुसतं डोळे मिटून पुढे जातात, ते बघायचं.

## ‘पण ही तर लेखकाची साधी चूक, एवढा विचार कशाला?’

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो. चूक आहे हे चाहत्यालाही ठाऊक असतं. कपाळावरचे उंचवटे रंगभूषेच्या पैशांमुळे आले हे क्लिंगॉनांवर तर्क करणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी तो कथेच्या आतलं कारण शोधतो, कारण बाहेरचं कारण कळल्याने कथा पूर्ण होत नाही.

इंग्लंडमध्ये हा प्रकार शंभर वर्षांहून जुना आहे. शेरलॉक होम्सच्या कथांत डॉक्टर वॉटसनला युद्धात लागलेली गोळी एका कादंबरीत खांद्याला आहे आणि पुढच्या कादंबरीत पायाला. रोनाल्ड नॉक्स या विद्वानाने 1911 मध्ये या कथांतल्या अशा विसंगतींवर धर्मग्रंथाच्या चिकित्सेच्या थाटात निबंध वाचला, आणि वाचकांच्या पिढ्याच्या पिढ्या त्या वाटेने गेल्या. अधिकृत कथेसाठी धर्मग्रंथांच्या अभ्यासातला कॅनन हा शब्द वापरायची रीतही तिथूनच रुळली.

## ‘देवाधर्माच्या कथेशी असा खेळ बरा का?’

हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. पहिल्या भागावरही काही जणांनी तक्रार केली की मूळ महाभारतात मणी काढून घेण्याचा प्रसंग असा नाही. ते बरोबर आहे. सौप्तिक पर्वात हरलेला अश्वत्थामा मणी देतो, भीम तो द्रौपदीकडे नेतो, आणि तिच्या म्हणण्यावरून युधिष्ठिर तो मस्तकी धारण करतो. द्रौपदीची पाच मुलं त्या रात्री मारली गेली होती. तो मणी तिच्या हातात येण्याला अर्थ आहे, आणि हा प्रसंग बदलला की एका आईचं दुःख कथेतून निसटतं. अशी तक्रार करणारा माणूसही विसंगतीच शोधत असतो, आणि चांगल्या कारणासाठी.

पण मूळ एकच आहे असं समजायचं कारण नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि ते 1966 मध्ये पुरं झालं. विष्णु सीताराम सुखठणकरांनी त्याची पद्धत घालून दिली. देशभरातून हस्तलिखितं आणून ओळ ओळ ताडून पाहिली गेली, कारण पाठांत जागोजाग फरक होते. नंतरची भर म्हणून जे ठरलं तेही त्यांनी फेकलं नाही, तळटिपांत आणि परिशिष्टांत जपलं.

संशोधक भर बाजूला काढून मूळाकडे जातो, चाहता भर घालून पुढे जातो. दिशा उलट असली तरी दोघांनाही आधी एकच काम करावं लागतं: मजकूर अतिशय बारकाईने वाचणं.

## ‘अभ्यास सोडून हेच करत बसतात’

वेळेचं भान हवं, ते कशातही हवं. पण धडगावच्या, चोपड्याच्या एखाद्या मुलीने सिनेमा बघून सौप्तिक पर्वाचं भाषांतर उघडलं, शकात 3179 का मिळवायचे ते समजून घेतलं, 1200 आणि 4,32,000 मधला धागा शोधला, तर तिने इतिहास, गणित आणि साहित्य एकाच प्रश्नासाठी वापरलं. विचारलेल्या प्रश्नाला पुरावा कुठला, तो पुरावा किती जुना, दोन पुरावे भांडत असतील तर काय करायचं, हे ती शिकते.

मात्र प्रत्येक तर्क सारखा नसतो. मी तीन गोष्टी तपासतो. त्या तर्काने आधी सांगितलेलं काही खोटं ठरवावं लागतं का? जितकं कमी खोटं ठरवावं लागेल तितका तर्क बरा. तो फक्त फट बुजवतो की पात्राबद्दल नवं काही सांगतो? आणि तो खरा असेल तर कथेत पुढे काय दिसायला हवं? ज्या तर्कातून पुढचं काहीच निघत नाही तो मला फार काळ धरून ठेवत नाही.

## दुसऱ्या भागात मी काय शोधणार आहे

तिसरी कसोटी लावून एक प्रश्न मी स्वतःसाठी राखून ठेवला आहे.

सिनेमाने तीन हजार वर्षांचा शाप बाजूला ठेवून चिरंजीवपद घेतलं. ठीक. पण तो श्लोक घेतला तर सगळा घ्यावा लागेल. बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम हे सहाजणही 2898 मध्ये कुठे तरी असले पाहिजेत. पहिल्या भागातल्या त्या उजाड जगात अश्वत्थाम्याशिवाय या यादीतलं कोणी ठळकपणे समोर आलेलं नाही. परशुरामाची वाट बहुतेक प्रेक्षक बघतील, कारण कल्कीला शस्त्रविद्या तोच शिकवतो असं कल्किपुराण सांगतं.

मी मात्र कृपाचार्यांची वाट बघतो आहे. ते अश्वत्थाम्याचे सख्खे मामा, त्याची आई कृपी हिचे भाऊ. झोपलेल्यांना मारू नकोस, म्हणून त्या रात्री भाच्याला समजावणारे तेच, आणि तो ऐकत नाही म्हटल्यावर छावणीच्या दाराशी उभं राहून पळणाऱ्यांना कापणारेही तेच. भाच्याला शाप मिळाला आणि तो रानोमाळ भटकला. मामा हस्तिनापुरात राहिले आणि पुढे परीक्षिताचे, म्हणजे ज्या गर्भावर भाच्याने अस्त्र सोडलं होतं त्याच मुलाचे, गुरू झाले. दोघांचा अपराध एकाच रात्रीचा, आणि दोघंही मृत्यूवाचून राहिलेले. सहा हजार वर्षांनंतर हे मामा-भाचे समोरासमोर आले तर काय बोलतील, हे पहिल्या भागाने विचारलेलं नाही.